पंचविशीनंतर बॅले शिकायचंय? आधी खुब्याचं ऐका

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा डब्यात इतका गोंगाट आहे की काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना घेतलेले आवंढे आणि 'म्हणजे... म्हणजे...' काढून टाकलेत. बाकी बरंचसं जसं बोलले तसंच आहे.

मागच्या महिन्यात डोंबिवलीहून एक व्हॉइस नोट आली. नाव घेऊ नकोस म्हणाली आहे, म्हणून घेत नाही. वय सव्वीस, नोकरी ठाण्यात, आणि आवाजावरून तरी बऱ्यापैकी वैतागलेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, मी अडीच महिन्यांपूर्वी बॅले सुरू केलं. लहानपणी भरतनाट्यम करायचे, प्रवेशिका पूर्ण झाली, मग दहावी आली आणि सुटलं. आता उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतोय. क्लासमध्ये सांगतात की टाचा जुळवून दोन्ही पाय एका सरळ रेषेत यायलाच पाहिजेत. माझे येत नाहीत. आई म्हणते, हे काय वय आहे का! खरंच वय गेलं का माझं?"

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक गुडघ्याचा आणि एक वयाचा. तिला वाटतंय की गुडघा दुखतो कारण वय झालं. माझं म्हणणं असं की हा गुडघा सोळाव्या वर्षीही दुखला असता, जर पाय असेच फिरवले असते तर. आजचा भाग त्यावरच.

[०२:४०] मुळात पाय बाहेर वळवायचेच कशाला?

बॅलेचं पहिलं चित्र डोक्यात आणा. टाचा एकमेकींना चिकटलेल्या, पावलं डावी-उजवीकडे वळलेली. याला म्हणतात फर्स्ट पोझिशन, आणि पाय असे बाहेर वळवण्याला टर्नआउट. पाच मूलभूत पोझिशन्स आहेत आणि पाचांतही पाय बाहेरच वळलेले असतात.

हे आलं फ्रान्सच्या राजदरबारातून. चौदावा लुई स्वतः नाचायचा. त्याने १६६१ साली नृत्याची राजेशाही अकादमी स्थापन केली. म्हणून आजही बॅलेची सगळी भाषा फ्रेंच आहे. प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, तांद्यू म्हणजे पाय जमिनीवरून सरकवत ताणणं, रेलेव्हे म्हणजे टाचा उचलून चवड्यावर येणं. डोंबिवलीत शिका नाहीतर टोकियोत, शब्द हेच. उच्चारांचं टेन्शन घेऊ नका, जगभर प्रत्येक जण आपापल्या परीने त्यांची वाट लावतो.

दरबारात पाय बाहेर वळवणं ऐटीचं मानलं जायचं हे खरं, पण नुसती ऐट असती तर ही पद्धत साडेतीनशे वर्षं टिकली नसती. त्यात एक यंत्रशास्त्र आहे. आत्ता घरी असाल तर उभे राहा (ट्रेनमध्ये असाल तर प्लीज नको). पाऊल समोर ठेवून पाय सरळ बाजूला उचला. थोडा वर जाऊन अडकतो ना? मांडीच्या हाडाला वरच्या टोकाला बाहेरून एक उंचवटा असतो, तो कमरेच्या हाडाच्या आड येतो. आता तोच पाय मुळापासून, म्हणजे खुब्यापासून, बाहेर फिरवा आणि मग उचला. तो उंचवटा मागे सरकतो आणि पाय आणखी वर जातो. बॅलेमधले कानापर्यंत जाणारे पाय या फिरकीच्या जिवावर जातात.

आता या वाक्यातला 'खुब्यापासून' हा शब्द धरून ठेवा. या मुलीचा गुडघा त्याच शब्दापाशी बिघडलाय.

[०५:१५] गुडघा बिचारा मध्ये सापडतो

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तो सगळीकडे फिरतो. गुडघा मात्र मुख्यतः बिजागरीसारखा. पुढे-मागे हलणं हे त्याचं काम. वाकलेला असताना थोडंसं पिळलेलं तो सहन करतो, सरळ असताना जवळजवळ नाहीच. घोटा आणि पाऊल पुन्हा बऱ्यापैकी लवचीक.

आता खुबा पन्नास अंश फिरला आणि थांबला. पण समोर आरसा आहे, शेजारची मुलगी सरळ रेषेत उभी आहे, आणि मागून आवाज येतोय, "ओपन, ओपन!" मग आपण काय करतो? पावलं जमिनीवर चिकटवून जबरदस्तीने बाहेर ढकलतो. जमीन पावलाला धरून ठेवते. मांडी आत राहते, पाऊल बाहेर, आणि मधला पीळ जातो गुडघ्यात. सोबत पावलाची कमान आतल्या बाजूला कोसळते, अंगठ्यावर वजन येतं. गुडघा आतून दुखायला लागण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

मग सगळ्यांचा खुबा सारखा का फिरत नाही? कारण हाडं. वाटी किती खोल आहे, तिचं तोंड कुठे आहे, मांडीच्या हाडाची मान किती पुढे झुकलेली आहे, हे प्रत्येकाचं वेगळं. हा झुकाव लहानपणी बदलत असतो आणि किशोरवयात ठरून जातो. मोठ्या माणसाचा खुबा साधारण चाळीस ते पन्नास अंश बाहेर फिरतो. दोन्ही पायांचे मिळून झाले नव्वद-शंभर. नडगीच्या हाडाची ठेवण थोडी बाहेर असते, तिथून जरा भर पडते. तरी १८० दूरच राहिले. अख्खी सरळ रेषा ज्यांना सहज येते ते लोक थोडे, आणि मोठ्या बॅले शाळा नऊ-दहा वर्षांच्या मुलांमधून नेमके तसेच खुबे शोधून निवडतात. इन्स्टाग्रामवर आपल्याला दिसतात ते या गाळणीतून खाली आलेले पाय.

म्हणजे वयाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. विशीनंतर हाडाचा आकार बदलत नाही, हे खरंच आहे. पण तुमच्याकडे जे पन्नास अंश आहेत त्यातले तुम्ही उभं राहून, कुणी न धरता, स्वतःच्या स्नायूंनी किती वापरू शकता? बहुतेक नवशिके त्यातले तीस-पस्तीसच वापरत असतात. उरलेले पंधरा कमवता येतात. खुब्याच्या मागे, कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूच्या खाली, मांडी बाहेर फिरवणारे सहा छोटे स्नायू असतात. त्यांना कामाला लावायचं, एवढाच मोठ्या माणसाच्या टर्नआउटचा खेळ. तो कोणत्याही वयात जमतो, फक्त सावकाश.

[०८:५०] फोनवर मोजा

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण यात आरसा नाही आणि शेजारची मुलगीही नाही.

पलंगावर किंवा चटईवर पालथे झोपा. दोन्ही गुडघे जुळलेले. उजवा गुडघा नव्वद अंशात वाकवा, म्हणजे तळपाय छताकडे. आता ती नडगी सावकाश आतल्या बाजूला, डाव्या पायाच्या दिशेला, पडू द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण पाय आत पडतो तेव्हा खुबा बाहेर फिरत असतो. कंबर उचलायला लागली की थांबा. घरातल्या कुणाला तरी तुमचा फोन नडगीला टेकवायला सांगा आणि फोनमधल्या लेव्हलच्या अॅपवर कोन बघा. छताच्या सरळ रेषेपासून नडगी जेवढी कलली, तेवढा तुमचा त्या बाजूचा खरा टर्नआउट. मग डावीकडून करा. दोन आकडे वेगळे आले तर घाबरू नका, बऱ्याच जणांचे येतात.

पालथं का? मांडी घालून बसल्यावर तर आपण किती मस्त उघडतो! हा प्रश्न मलाही पडला होता. आपल्याकडे पंगतीत बसायची, पूजेला बसायची सवय, मग आपले खुबे तर तयारच असले पाहिजेत. पण मांडी घालताना खुबा वाकलेला असतो, आणि वाकलेला खुबा बाहेर जास्त मोकळा फिरतो. उभं राहिलं की खुब्याच्या पुढच्या बाजूचा मजबूत अस्थिबंध ताणला जातो आणि गोळा वाटीत घट्ट बसतो. मोकळेपणा कमी होतो. पालथं झोपल्यावर खुबा सरळ असतो, म्हणजे उभं राहिल्यासारखाच, म्हणून तिथला आकडा खरा. उकिडवं बसायची सवय मात्र थेट उपयोगी पडते. टाचा जमिनीवर ठेवून ज्यांना उकिडवं बसता येतं त्यांचे घोटे छान वाकतात, आणि खोल प्लिएला तेच लागतं.

आता उभे राहा. पावलं समांतर, टाचा जुळलेल्या, गुडघे सरळ. पावलांचे पुढचे भाग किंचित उचला, वजन टाचांवर, आणि मांड्या मुळापासून बाहेर फिरवा. पावलं आपोआप जिथपर्यंत उघडली तिथेच खाली ठेवा. ही तुमची फर्स्ट पोझिशन. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखी दिसत असेल कदाचित. असू दे. आता प्लिए करून वरून खाली बघा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या वर येतोय का? येत असेल तर बरोबर. गुडघा अंगठ्याच्याही आत येत असेल तर पावलं जास्त उघडलीत, बंद करा.

[१३:०५] भरतनाट्यम केलेल्या मुलींचा घोळ

कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात असं घर क्वचित सापडेल जिथल्या मुलीने चार-दोन वर्षं तरी भरतनाट्यम किंवा कथक केलेलं नाही. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात किंवा गडकरी रंगायतनला गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मेकअपखाली घामाघूम होऊन नाचलेल्या आपण सगळ्या! त्यामुळे इथली प्रौढ नवशिकी खरं तर कोरी पाटी नसते.

भरतनाट्यमची अरईमंडी आठवा. गुडघे बाहेर, अर्धं बसलेलं. बॅलेचा फर्स्टमधला प्लिए बघितला की वाटतं, अरे हे तर आपलंच! दिसायला चुलत बहिणी आहेत, स्वभाव वेगळा. अरईमंडीत आपण तिथेच राहतो, वजन खाली, पूर्ण तळपाय जमिनीवर आपटून ताल काढतो. बॅलेत प्लिए हा जिना आहे, त्यावर कुणी राहत नाही. खाली जायचं ते वर येण्यासाठी, आणि जाताना-येताना पाठीचा कणा कुणीतरी वरून दोरीने ओढल्यासारखा. शिवाय अरईमंडीत गुडघे वाकलेले असल्याने पाय जास्त उघडतात. ते उघडणं तसंच ठेवून गुडघे सरळ केले की पीळ आलाच. आपल्या व्हॉइस नोटवालीचं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. बसल्यावर उघडतंय, मग उभं राहिल्यावर का नाही, असं म्हणून ती ढकलत राहिली.

कथकवाल्यांना दुसरीच गंमत. चक्कर घेताना नजर एका जागी ठेवून डोकं शेवटी फिरवायचं, हे त्यांना आधीच येतं. बॅलेत याला स्पॉटिंग म्हणतात आणि नवशिक्यांचे महिने त्यात जातात. पण कथकमध्ये चक्कर टाचेवर, बॅलेच्या पिरुएटमध्ये चवड्यावर. डोकं तयार, घोटा नाही. त्यामुळे कथक केलेली मुलगी पहिल्या दिवशी झकास सुरुवात करते आणि अर्ध्यात लडखडते.

आणि हो, बॅलेच्या क्लासच्या शेवटी रेव्हेरांस असतो, शिक्षक आणि वादकांना वाकून केलेला नमस्कार. आपल्याकडे सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे नमस्कार. केस बांधायची पद्धतही ओळखीची. जगभरातल्या मुली यूट्यूबवर 'बॅले बन' शिकतात, आपल्याकडे त्याला अंबाडा म्हणतात आणि आजी दोन मिनिटांत घालून देते.

[१६:३०] वयाचं काय मग?

आता दुसरा प्रश्न. इथे गोड बोलून चालणार नाही.

बॅले कंपनीत व्यावसायिक नर्तकी व्हायचं असेल तर सव्वीस हे वय उशिराचं आहे. नुसतं उशिराचं नाही, ते दार बंद आहे. अमेरिकेतली मिस्टी कोपलंड तेराव्या वर्षी शिकायला लागली, तर तिच्याबद्दल आजही 'किती उशिरा सुरुवात करून' असंच बोललं जातं. तेरा! २०१५ साली ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली, पण तो अपवाद.

आपल्या मुंबईतलं उदाहरण जास्त जवळचं. तुमच्यापैकी अनेकांनी नेटफ्लिक्सवर 'ये बॅले' बघितला असेल, सूनी तारापोरवालाचा, २०२० सालचा. त्यातली गोष्ट दोन खऱ्या मुलांवर बेतलेली आहे. अमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा, मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा. दोघांनाही मुंबईत येहुदा माओर नावाच्या इस्रायली शिक्षकाने शिकवलं. अमिरुद्दीन लहान वयात सापडला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. मनीष मात्र आधी ब्रेकडान्स करणारा, तोही व्हिडिओ बघून स्वतः शिकलेला. बॅलेकडे आला तेव्हा तो बॅलेच्या हिशोबाने मोठाच झाला होता. सिनेमात त्याच्यावर बेतलेली भूमिका त्यानेच केली आहे. 'कॉल मी डान्सर' हा त्याच्यावरचा माहितीपट २०२३ मध्ये आला. तो बघाच, कारण त्यात उशिरा सुरू केल्याची किंमत लपवलेली नाही. त्याचं शरीर, त्याचं वय, घरच्यांची काळजी, सगळं दिसतं. पुढे त्याची वाट कंटेम्पररी नृत्याकडे वळली, आणि तिथे बॅलेचं शिक्षण त्याच्या पायाखाली होतंच.

आणखी एक उदाहरण, जे मला स्वतःला थक्क करतं. १९२८ साली अॅना पावलोवा ही रशियन बॅलेरिना मुंबईत आली होती. तिचा कार्यक्रम बघायला आलेल्यांमध्ये एक चोवीस वर्षांची बाई होती, रुक्मिणीदेवी अरुंडेल. पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना योगायोगाने दोघी एकाच बोटीवर. ओळख वाढली आणि रुक्मिणीदेवी पावलोवाच्या कंपनीतल्या क्लिओ नोर्डीकडे बॅले शिकायला लागल्या. म्हणजे पंचविशीच्या आसपासची नवशिकी! पावलोवानेच त्यांना सुचवलं की आपल्या देशातली नृत्यपरंपराही शोधा. मग त्या भरतनाट्यमकडे वळल्या, तेही पुन्हा नवशिकी म्हणूनच. १९३५ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'कलाक्षेत्र' उभं केलं. आपण शाळेत असताना जे भरतनाट्यम शिकलो त्याच्या इतिहासात एक प्रौढ वयात घेतलेला बॅलेचा क्लास आहे, हे पुढच्या वेळी आईला सांगा.

आईवरून आठवलं. आधीच्या पिढीला 'बॅले' म्हटलं की काही वेळा भलतंच डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडे हा शब्द नृत्यनाट्यासाठीही वापरला गेला. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप सुरू केला. त्यांचं कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचलेलं 'रामायण' खूप गाजलं. त्यात चवड्यावर उभं राहणारं कुणी नव्हतं. फ्रेंच पद्धतीचं बॅले मुंबईत शिकवलं जात होतं, तुश्ना डल्लास यांची शाळा १९६६ पासूनची आहे. पण ते शहराच्या त्या टोकाला. कल्याण फास्ट पकडून रोज तिकडे जाणं आपल्या आईच्या पिढीतल्या कुणाला परवडलं असतं? त्यामुळे 'हे आपलं नाही' असं तिला वाटत असेल तर त्यात अंतराचा आणि वेळेचाही वाटा आहे.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांची जागा आता जगभर मान्य झाली आहे. लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ डान्सने २०१७ पासून 'सिल्व्हर स्वान्स' नावाचे वर्ग सुरू केलेत, खास पंचावन्न वर्षांवरच्या लोकांसाठी. त्यात नव्यानेच शिकणारेही असतात. सव्वीस तर तिथे नातवंडांचं वय.

[२१:२०] पॉइंट शूजचा मोह

पुढचं दोन मिनिटांत संपवते. ते गुलाबी, टोकावर उभं राहायचे बूट ऑनलाइन मिळतात. घेऊ नका. त्यांच्या पुढच्या टोकाला कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असतात, आणि ते बूट पायाला हात लावून, मोजून बसवावे लागतात. सगळं वजन बोटांच्या शेंड्यांवर घ्यायचं तर घोटा, पोटरी आणि पोट आधी तयार पाहिजे. नियमित दोन-तीन वर्षं झाल्यावर शिक्षक ठरवतात, आणि काही मोठी माणसं कधीच पॉइंटवर जात नाहीत. त्यांचं काही अडत नाही. एखादा क्लास तिसऱ्या महिन्यात पॉइंट करून देतो म्हणत असेल तर तिथून चप्पल घालून निघा.

सुरुवातीला कॅनव्हासचे मऊ शूज पुरतात, मोज्यासारखे घट्ट बसणारे. तेही नसले तर अनवाणी. नुसते मोजे घालून लादीवर नको, घसराल. कपड्यांचं म्हणाल तर गुडघा आणि घोटा दिसेल असं काहीही. लेगिंग्ज आणि टी-शर्ट चालतो. ढगळ ट्रॅक पँटमध्ये शिक्षकांना तुमचा गुडघा कुठे चाललाय ते दिसत नाही, आणि आजच्या भागानंतर तो दिसणं किती गरजेचं आहे ते तुम्हाला कळलंय.

[२३:००] घरी काय, क्लासमध्ये काय

बॅलेचा वर्ग तास-दीड तासाचा. जवळजवळ निम्मा वेळ बारपाशी, म्हणजे त्या आडव्या दांड्यापाशी. मग मधे येऊन हातांच्या हालचाली, तोल, वळणं, आणि शेवटी उड्या. पहिले तीन महिने बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की ही बाई दर आठवड्याला येते आणि गुडघे वाकवून परत जाते. आतमध्ये मात्र बरंच चाललेलं असतं. पोटऱ्या भरून येतात, तळपायाच्या कमानीत पेटके येतात, डावा हात आणि उजवा पाय एकमेकांशी बोलत नाहीत. हे सगळं ठीक आहे. स्नायू दुखणं, दोन्ही बाजूंना, पसरट, दोन दिवसांत जाणारं, हे चालतं. एका सांध्यात, एका बिंदूवर, टोचल्यासारखं दुखलं तर ती हालचाल त्या दिवसापुरती बंद.

बार हा आधार घेण्यासाठी आहे, लटकण्यासाठी नाही. आपल्याकडे ही अडचण खास आहे असं मला वाटतं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आपण ज्या जिवाच्या आकांताने दांडा धरतो ना, तोच हात संध्याकाळी बारवर जातो. बोटं हलकी ठेवा. अंगठासुद्धा वर, बाकीच्या बोटांच्या शेजारी. हात उचलला तर तोल जातो का बघा. जात असेल तर इतका वेळ हात उभा होता, पाय नाही.

घरी सरावाला स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. उंची बऱ्यापैकी जमते आणि तो हलत नाही. बाल्कनीचं रेलिंग नको. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत प्लिए आणि तांद्यू, दोन्ही बाजूंनी. आठवड्यात एक क्लास आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं, हे मला आठवड्यात तीन क्लासपेक्षा बरं वाटतं. ऑफिसमध्ये नऊ तास बसून, मग उभ्याने प्रवास करून, आखडलेल्या खुब्यांनी थेट बारपाशी उभं राहण्यापेक्षा शनिवार-रविवारची सकाळ गाठा.

एक मात्र घरी करू नका. उड्या. आपल्या घरांत सिमेंटच्या स्लॅबवर लादी असते, तिला अजिबात लवचिकता नाही. प्रत्येक उडीचा धक्का नडगीत परत येतो. सोसायटीचं क्लबहाऊस दिसायला स्टुडिओसारखं असलं तरी बहुतेकदा तिथेही तीच लादी. नाचायची चांगली जमीन म्हणजे खाली मोकळी जागा ठेवून केलेली लाकडी, वर व्हिनाइलचा थर. क्लास निवडताना आरसे किती मोठे ते बघू नका, खाली काय आहे ते विचारा. दुसरं विचारा की मोठ्या नवशिक्यांचा वेगळा वर्ग आहे की आठ वर्षांच्या मुलींच्या मागे उभं करणार. आणि तिसरं, पहिल्या दिवशी शिक्षक तुमच्या पावलांकडे बघतात की गुडघ्यांकडे, ते तुम्हीच बघा.

[२७:१०] तर, डोंबिवलीच्या मैत्रिणीला

मी तिला पालथं झोपून मोजायला सांगितलं होतं. भावाने फोन धरला. उजवीकडे अडतीस, डावीकडे शेहेचाळीस. म्हणजे दोन्ही मिळून चौऱ्याऐंशी, आणि क्लासमध्ये तिला १८० मागत होते. दुखणारा गुडघा उजवाच, कमी फिरणाऱ्या खुब्याचा.

तिला मी सांगितलं ते इथेही सांगते. पहिले दोन आठवडे टाचा जुळवून फक्त तुझ्या मापात उभी राहा, उजवा जेवढा उघडतो तेवढाच डावाही. उड्या आणि खोल प्लिए तोपर्यंत बंद. गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा चालताना दगा दिला तर क्लास राहू दे, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. नुसता दुखत राहिला तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि फोनवरचे दोन्ही आकडे त्यांना सांग. शिक्षिकेलाही सांग. ऐकून त्या म्हणाल्या की ठीक आहे, इथूनच सुरू करू, तर तो क्लास सोडू नकोस. 'दुखल्याशिवाय येत नाही' म्हणाल्या तर डोंबिवली ते ठाणे हा रस्ता लांब आहे, मध्ये दुसरे क्लास लागतील.

काल तिचा मेसेज आला. शिक्षिकेने गुडघ्यांकडे बघून पावलं स्वतःच थोडी आत घ्यायला लावली, म्हणे. आईने तिला ओट्यापाशी वाकताना पाहिलं आणि विचारलं, "कंबर धरलीय का तुझी?" कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती.